डब्यातला पंखा

देवरामच्या कारखान्यात जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडला की त्याला लाल टॅग बांधायचा रिवाज होता. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा लाल पुठ्ठा, वरच्या भोकात सुतळी, आणि छापलेले चार रकाने: जॉब, दोष, कारण, कामगाराचे नाव. खाली तपासणाऱ्यासाठी दोन चौकोन, एक रिवर्कचा, म्हणजे दुरुस्त होईल, आणि दुसरा भंगाराचा. ज्याच्या हातून काम बिघडलं त्यानं स्वतःच्या अक्षरात टॅग भरायचा आणि जॉबला बांधून दाराजवळच्या टेबलावर दिवसभर ठेवायचा. येणारा-जाणारा वाचणार, चहाच्या वेळी विषय निघणार, आणि ज्यांना धड स्क्रू कसता येत नाही तेसुद्धा मान हलवून 'असं कसं झालं हो?' विचारणार. नाशिकच्या सातपूरमधल्या त्या टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे घडवणाऱ्या खात्यात, या टेबलाची धास्ती भल्याभल्यांना होती.

एकतीस वर्षांत देवरामच्या नावाचा टॅग त्या टेबलावर एकदाही आला नव्हता. ही गोष्ट त्यानं लग्नाच्या पंगतींत सांगितली होती, बसथांब्यावर सांगितली होती, आणि एकदा दाढ काढायला गेला असताना तोंडात कापूस कोंबलेला असतानाही डॉक्टरांना सांगायचा प्रयत्न केला होता. बढाई सोळा आणे खरी होती का, ते पुढे येईलच. कोऱ्या टॅगची एक गड्डी मात्र त्याच्या घरी होती. छपाईवाल्यानं 'दोष'चा 'दोश' करून ठेवला म्हणून कारखान्यानं टाकून दिलेली. देवरामनं ती उचलून आणली, आणि त्याची बायको मंगलाबाई ते टॅग लोणच्याच्या बरण्यांना आणि घोटीहून येणाऱ्या तांदळाच्या गोण्यांना बांधू लागली. 'इंद्रायणी, नवा' असं लिहिलेला एक लाल टॅग त्यांच्या स्वयंपाकघरात वर्षभर लोंबकळत असे.

या दोघांना एकुलती एक लेक, निकिता. वय वीस, गंगापूर रोडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आजवर तिच्या आयुष्यातलं सगळं देवरामनं निवडलं होतं. शाळा त्यानं निवडली, सायन्स त्यानं निवडलं, सायकलसुद्धा चेन, ब्रेक, बेअरिंग तपासून त्यानंच आणली, रंग तेवढा लेकीला विचारला नाही, आणि ती हिरवी निघाली. पोरीनं काही सुचवलं की त्याचं ठरलेलं वाक्य असे, "तुला काय कळतंय त्यातलं?" मायेनंच म्हणायचा, पण म्हणायचा.

कॉम्प्युटरवर खेळायच्या खेळात निकिता चांगली होती. चांगली म्हणजे किती, हे आईबापाला कळायला मार्ग नव्हता. त्यांना एवढंच दिसे की पोरगी कानाला हेडफोन लावून 'डावीकडून, डावीकडून' असं ओरडते. पण तिची पाच मुलींची टीम राज्याच्या स्पर्धेत उतरली होती. पहिली फेरी शनिवारी दुपारी तीनला, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायची. निकिताचा लॅपटॉप मावसभावाकडून आलेला, तो खेळ सुरू झाला की जेवण झालेल्या म्हशीसारखा बसकण मारी. टीमची कॅप्टन पूजा पुण्याची. तिनं गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं, की शनिवारपर्यंत नीट मशीन झालं नाही तर दुसरी मुलगी घ्यावी लागेल.

मग निकितानं ठरवलं, की तयार कॉम्प्युटर न घेता सुटे भाग निवडून स्वतः जोडायचा. शिकवण्या घेऊन साठवलेले तिचे, उरलेले बापाचे, असे मिळून सत्तर हजारांत बसवायचा. दोन महिने तिनं एका दोनशे पानी वहीत नोंदी केल्या. कोणता प्रोसेसर, त्याला कोणता मदरबोर्ड चालतो, रॅमची एक मोठी काडी बरी की दोन छोट्या, पॉवर सप्लाय किती वॅटचा. प्रत्येक भागापुढे दोन-दोन, तीन-तीन नावं, आणि ज्याला पसंती त्याच्याभोवती गोल. सुटे भाग आणि जोडणी हे शब्द कानावर पडताच देवरामची छाती फुगली. म्हणाला, "हे तर आपलंच खातं हाय. मी येतो संगं."

मंगळवारी पहिली पाळी संपवून तो तसाच निळ्या शर्टात तिच्याबरोबर गंगापूर रोडला गेला. दुकान मैनाताईंचं होतं. चाळिशीच्या बाई, चष्मा डोक्यावर, बोलायला फटकळ आणि मालाला चोख. त्यांनी निकिताची वही चाळली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, हीच त्यांची शाबासकी. शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे नाही पटलं. प्रोसेसरच्या डब्यात जो पंखा येतो त्यावरच भागवणार? वेगळा कूलर घे. नाशिकचा एप्रिल आहे हा, महाबळेश्वर नाही."

"तो पुरतो मॅडम," निकिता म्हणाली. मुद्दे तिला पाठ होते. "हा प्रोसेसर पासष्ट वॅटचा आहे, फार तापत नाही. मी पुढून जाळीचं कॅबिनेट घेतेय, हवा खेळती राहील. कूलरचे वाचले की जास्त मेमरीचं ग्राफिक कार्ड बसतं, आणि खेळताना खरा ताण कार्डावर येतो."

"अगं, त्या रोज हेच करतात," देवराम म्हणाला. "तुला काय कळ—"

"पप्पा," निकिता त्याच्याकडे वळली. "एवढं एक मला ठरवू द्या."

देवरामनं तिचा चेहरा पाहिला आणि समोरची वही तिच्याकडे सरकवली. भर दुकानात लेकीनं असं तोडलं हे त्याला लागलं.

"ठीक आहे," मैनाताई म्हणाल्या. "पण तापला तर माझ्या नावानं खडे फोडायचे नाहीत."

बुधवारी चार वाजता बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली. निकितानं वही उघडून मांडीवर घेतली आणि एकेक खोका फुटू लागला. देवराम हात धुऊन, नखं साफ करून बसला होता. प्रोसेसर हलकेच आपल्या जागी बसला तेव्हा त्यालाही बरं वाटलं. न ठोकता, न दाबता जे बसतं ते खरं फिटिंग, असं त्याचं मत होतं. रॅमच्या दोन्ही काड्या 'टक्' करून बसल्या. आता पंखा. तेवढ्यात पूजाचा फोन आला आणि निकिता गॅलरीत गेली.

देवरामनं पंख्याचं खोकं उघडलं. वर पंखा, खाली ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, आणि प्रोसेसरवर टेकायचा सपाट तळ. त्या तळावर राखाडी, चिकट काहीतरी चौकोनी फासलेलं होतं. देवरामच्या कपाळाला आठी पडली नाही, उलट त्याला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. नवं बेअरिंग घ्या, भोक साफ करायची नवी रीमर घ्या, गंज चढू नये म्हणून कारखान्यातूनच त्यावर ग्रीसचा हात फिरवून पाठवतात. बसवण्याआधी ते ग्रीस पुसून काढायचं, धातूला धातू स्वच्छ भेटला पाहिजे, हा टूलरूमचा पहिला धडा. किती जणांना त्यानं तो शिकवला होता.

त्यानं आपल्या पेटीतली स्पिरिटची बाटली काढली, जुन्या धोतराचा फडका घेतला आणि तळ घासला. एकदा घासून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा घासला. अंगठ्याचं प्रतिबिंब दिसेपर्यंत घासला. स्टीलची पट्टी उभी धरून, उजेडात डोळा बारीक करून, तळ सपाट आहे की नाही तेही पाहिलं. मग पंखा प्रोसेसरवर अलगद ठेवला. निकिता परत आली तेव्हा फक्त चार स्क्रू कसायचे उरले होते. "एकदम एक बाजू नको आवळू," तो म्हणाला, "समोरासमोरचे घे, थोडे थोडे." पुसण्याबद्दल तो काहीच बोलला नाही. केलेलं काम आपल्या तोंडानं सांगत फिरू नये, अशी त्याची शिस्त होती. टॅगची गोष्ट तेवढी त्याला अपवाद.

सहा वाजता कॉम्प्युटर सुरू झाला. मंगलाबाईंनी कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. नारळ आतच फोडणार होत्या, पण निकितानं त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं. पोरगी नाचायचीच बाकी होती. तिनं खेळ सुरू केला आणि आठव्या मिनिटाला चित्र अडखळलं. मग आणखी अडखळलं. मग स्क्रीन काळी झाली आणि पंख्याचा घों-घों आवाज एकदम थांबला.

पुन्हा सुरू केला. सहा मिनिटं. पुन्हा केला. पाच. स्क्रीनच्या कोपऱ्यात तिनं तापमान दिसेल असं ठेवलं होतं, तिथला आकडा पंच्याण्णवच्या वर जाऊन बसत होता. निकितानं पुढची जाळी काढून पाहिली, टेबलफॅन समोर लावून पाहिला, वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. मैनाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी काय म्हटलं होतं?" पण आवाज पडलेला ऐकून जरा नरमल्या. कूलर संपला होता, मंगळवारी येणार होता. आणखी दोन दुकानांत विचारलं, तिथं होता तो या कॅबिनेटमध्ये मावणारा नव्हता.

गुरुवारी सकाळी तिनं पूजाला फोन करून सांगितलं, की माझ्या जागी दुसरी मुलगी बघ. पूजानं शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबते म्हणून सांगितलं. देवराम डबा भरत होता. निकिता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. रात्रभर झोप नसल्यानं डोळे सुजले होते.

"पप्पा, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. मला वाटलं मला कळतं."

खोटं कशाला बोला, देवरामला त्या क्षणी आतून थोडं बरं वाटलं. दुकानातलं ते 'एवढं एक मला ठरवू द्या' अजून टोचत होतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे गं. पुढच्या येळी इचारत जा." हे वाक्य तो पुढं बरेच दिवस विसरणार नव्हता.

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत कारखान्याचा इलेक्ट्रिशियन गोरक्ष एका मशीनचं पॅनल उघडून बसला होता. देवराम सहज बाजूला उभा राहिला. गोरक्षनं एक छोटी ट्यूब दाबून ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांच्या ठोकळ्यावर काहीतरी लावलं. राखाडी, चिकट.

"गोरक्ष, हे कंचं ग्रीस रं?"

"ग्रीस नाय तात्या, पेस्ट हाय. दोन धातू कितीबी घासा, मधी बारीक बारीक हवा राहतीच. ही त्या जागा भरती, मग उष्णता खालून वर चढती. हिच्याबिगर चालू केलं ना, पाच मिनिटात बोंब."

देवरामनं हातातला कप खाली ठेवला. "अन् कॉम्प्युटरच्या नव्या पंख्याला?"

"त्याला कंपनीच लावून देती की. तळाला राखाडी चौकोन असतो बघा."

"तो पुसला तर?"

गोरक्ष खदखदून हसला. "कोण पुसंल तात्या? येडं का खुळं?"

देवरामही हसला. म्हणजे दात दाखवले. मग तो शेजारच्या स्टुलावर बसला. ज्या तळात त्यानं अंगठ्याचं प्रतिबिंब पाहिलं होतं, तो तळ डोळ्यांसमोरून हलेना. दोन महिन्यांची वही, पासष्ट वॅट, जाळीचं कॅबिनेट, पोरीचं सगळं बरोबर होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथं तर बैल लेकीचा होता. सुटी झाल्यावर त्यानं गोरक्षकडून उरलेली ट्यूब मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही.

चार वाजता तो घरी आला तेव्हा निकिता नव्हती. ग्राफिक कार्ड परत घेतात का ते विचारायला ती मैनाताईंकडे गेली होती. मंगलाबाई आत गहू निवडत होत्या. देवरामनं कॅबिनेट उघडलं, चार स्क्रू समोरासमोरचे सैल केले, पंखा उचलला. प्रोसेसरच्या मध्यावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, पंखा सरळ दाबून बसवला, स्क्रू कसले. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मग त्यानं ट्यूब पेटीच्या तळाशी, कानशींच्या खाली सरकवली आणि हात धुऊन टाकले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मशीन चालल्याशी मतलब, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

निकिता आली ती पाय ओढत. कार्ड परत घेतील, पण उघडलेल्या मालाचा भाव बराच कमी धरतील, असं म्हणाली आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागली.

"थांब," देवराम म्हणाला. "एकदा चालू करून बघ. म्या स्क्रू जरा सारखे केलेत."

तिनं केवळ त्याचं मन राखायला बटण दाबलं. खेळ सुरू झाला. आठ मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. कोपऱ्यातला आकडा अडुसष्टवर येऊन थांबला, तो हलेचना. एक तास झाला तसं निकितानं हेडफोन काढून फेकले आणि बापाच्या गळ्यात पडली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही काय केलंत पप्पा? नक्की काय केलंत?"

"अनुभव हाय," देवराम म्हणाला.

मंगलाबाईंनी शिरा करायला घेतला. निकितानं पूजाला फोन लावला, आणि तिचा आवाज घरभर घुमू लागला. हो, उद्या मी आहे. हो, एकदम मस्त चालतंय. "नाही गं, माझी निवड चुकलेलीच होती, आमच्या पप्पांनी तारलं. आणि ऐक ना, तुझ्या बहिणीला मी ती सुट्या भागांची यादी करून देणार होते ना, राहू दे. दुकानात विचारून घ्या. मला नाही कळत एवढं, उगीच तुमचं नुकसान व्हायचं."

फोन ठेवून तिनं वही काढली. डब्यातला पंखा, त्याभोवती गोल. त्यावर तिनं लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि शेजारी सावकाश लिहिलं, 'चूक. मोठ्यांना विचारणे.' देवरामच्या हातात शिऱ्याची वाटी होती. त्यानं ती तशीच खाली ठेवली.

कारण हे त्यानं आधीही पाहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्याच मशीनवर दुसऱ्या पाळीला सोमनाथ नावाचा माणूस होता. घोटीजवळचा, देवरामच्या भागातला, कंत्राटावर लागलेला, मान मोडून काम करणारा. एका डायचं भोक केसभर मोठं झालं. पहिल्या पाळीत सेटिंग देवरामनं लावलं होतं आणि ते चुकलं होतं, पण जॉब पुरा झाला सोमनाथच्या हातून. सोमनाथला बिचाऱ्याला वाटलं, देवरामचं सेटिंग चुकणं शक्यच नाही, तेव्हा आपल्याच हातून गडबड झाली असणार. त्यानं आपणहून लाल टॅग भरला. कुणी भरायला लावला नव्हता. देवरामनं तो टेबलावर वाचला, तेव्हाच त्याला सगळं उमगलं, आणि त्यानं कुणाचं लक्ष नाही असं पाहून सेटिंग गुपचूप सरळ केलं. पुढल्या महिन्यापासून सोमनाथला कामावर बोलावलं नाही. आता तो घोटीत तांदळाची वखार सांभाळतो. देवराम दरवर्षी घोटीहून तांदूळ आणतो, तो वखारीच्या समोरचा रस्ता टाळून.

सोमनाथ जाताना त्याला म्हणाला होता, "देवरामभाऊ, माझाच हात कच्चा. मला मशीनचं कामच जमायचं नाय." आणि देवरामनं त्याच्या खांद्यावर थोपटलं होतं. काल सकाळी लेकीच्या डोक्यावर ठेवला तोच हात.

तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि खण उघडला.

"काय पायजे?" मंगलाबाईंनी विचारलं.

"टॅग."

"आत्ता? कुठली गोणी आली?"

देवराम टॅग घेऊन बाहेर आला. चष्मा लावला, टेबलाशी बसला आणि वहीतलं निकिताचं लाल पेन सोडून खिशातलं निळं काढलं. वर्षानुवर्षं मोजमापाच्या आकड्यांशिवाय फारसं लिहिलं नव्हतं, त्यामुळं अक्षर बसायला वेळ लागला. जॉब: निकिताचा कॉम्प्युटर. दोश: तापतो, बंद पडतो. कारण: पंख्याची पेस्ट ग्रीस समजून पुसली. कामगाराचे नाव: देवराम पुंजा. मग त्यानं सुतळी कॅबिनेटच्या जाळीत ओवली आणि दोन गाठी मारल्या.

निकितानं वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल होत गेला.

"तुम्ही पुसली होती?"

"बुधवारी. तू फोनवर व्हतीस तव्हा."

"म्हणजे पंखा बरोबर होता."

"तुझं समदंच बरोबर होतं."

"दोन दिवस पप्पा! दोन दिवस मी वेड्यासारखी... पूजाला सांगितलं, दुसरी मुलगी घे म्हणून! आणि तुम्ही मला म्हणालात, पुढच्या वेळी विचारत जा!"

"तव्हा मला ठाऊक नव्हतं गं."

"आणि आत्ता? मी गळ्यात पडले तेव्हा? तेव्हाही ठाऊक नव्हतं?"

देवरामनं चष्मा काढला. "तव्हा ठाऊक होतं."

निकिता ताडकन उठून गॅलरीत गेली. मंगलाबाई उलथनं हातात घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आत वळल्या. देवराम तसाच बसून राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी छातीत मोकळंही वाटत होतं, ही दोन्ही कशी एकत्र राहतात ते त्याला समजेना. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. गॅलरीतून नाक ओढल्याचा आवाज आला, मग थोड्या वेळानं हसू दाबल्यासारखा.

"तुमची घासायची सवय माहितेय मला. अंगठ्याचं प्रतिबिंब दिसेपर्यंत पुसली असेल," ती आत येत म्हणाली.

"दिसलं होतं," देवराम म्हणाला.

ती अजून रागावलेलीच होती. नाकाचा शेंडा लाल होता. तिनं टेबलावरचं निळं पेन उचललं, टॅगपुढं उकिडवी बसली आणि खालच्या दोन चौकोनांकडे बघत राहिली. मग 'रिवर्क'वर बरोबरची खूण केली आणि तपासणाऱ्याच्या जागी सही ठोकली, पूर्ण नावानं. 'दोश'मधला 'श' खोडून वर 'ष' लिहिला. त्यानंतर वही ओढली, लाल रेघेच्या शेजारी लिहिलेलं खोडलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'डब्यातला पंखा: बरोबर.' पूजाला तिनं परत फोन लावला, बहिणीसाठी यादी उद्या रात्रीपर्यंत पाठवते म्हणाली, आणि का ते सांगताना बापाकडे बघत एक शब्दही गाळला नाही.

"तो टॅग सोडायचा नाही," फोन ठेवून ती म्हणाली. "इथंच राहील."

"राहू दे."

तिला वाटलं, विषय संपला. पण देवरामनं गड्डीतून आणखी एक टॅग काढला होता आणि पुन्हा चष्मा लावून बसला होता. या वेळी अक्षर लवकर बसलं. निकितानं त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. जॉबच्या पुढं कुठल्याशा डायचा नंबर होता, आणि तारीख अकरा वर्षांपूर्वीची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, सेटिंग माझे चुकले. कामगाराचे नाव: देवराम पुंजा.

"हा कसला? तुमच्या नावाचा तर एकही नाही ना?"

"नव्हता."

ती त्याच्या शेजारी बसली. त्यानं सोमनाथची सगळी गोष्ट सांगितली, मधलं काही न गाळता, वखारीसमोरचा रस्ता टाळतो तेसुद्धा. मंगलाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. अकरा वर्षं घोटीच्या गोण्यांना त्यांनी टॅग बांधले होते, पण हे त्यांनाही आजच कळत होतं.

निकितानं टॅग आणि पेन उचललं, आणि खालच्या दोन चौकोनांपाशी येऊन थांबली. "इथं काय करायचं, पप्पा? रिवर्क की भंगार?"

"तिथं तू नको," देवरामनं टॅग तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "ती खूण सोमनाथ करंल. उद्या सुट्टी हाय. तुझी मॅच सुरू व्हायच्या आत परत येतो मी."

त्यानं टॅग शर्टाच्या खिशात ठेवला, आणि घोटीची सकाळची पहिली गाडी किती वाजता असते ते मंगलाबाईंना विचारलं.